व्यायला झालेली म्हैस आणि ताम्हिणीची सहल

म्हैस व्यायला झालेली असताना घर सोडून फिरायला जाऊ नये, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी गेले. कारण ह्यांनी मला जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं.

मारुंजीतल्या आमच्या आळीत उरलेली एकुलती एक म्हैस माझी. चारी बाजूंनी भाड्याच्या खोल्या, वर कंपनीतली पोरं, आणि मधोमध माझा गोठा. ती पोरं नाक दाबून जिना चढतात, "आंटी, बहुत स्मेल आता है" म्हणतात, आणि सकाळी पातेलं घेऊन त्याच गोठ्याच्या दारात दुधाला उभी राहतात. तिथं खोल्या काढायचं ह्यांच्या डोक्यात कधीपासून घोळत होतं. शेवटी त्या श्रावणात माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या समोरच ह्यांनी निकाल लावला.

"औंदा रेडी झाली तर ऱ्हाऊ दे तुजा गोठा. टोणगा झाला तर म्हैस हेड्याला देऊन टाकायची, आन् खोल्या काढायच्या. मग रडायचं न्हाई."

रेडी म्हणजे मादी रेडकू, टोणगा म्हणजे नर, आणि हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. आणि जाऊबाई साक्षीला, म्हणजे गावात दवंडीच. मला पण ताव आला. "चालंल," म्हणून बसले. माझ्या जिभेला हाड नाही, ते हे असं.

बचत गटाच्या बायकांची सहल आधीच ठरलेली होती. मुळशीचं धरण, ताम्हिणीची देवी, घाटातले धबधबे आणि संध्याकाळी घरी. त्या दिवशी सकाळी म्हशीनं आंबोणाला तोंडच लावलं नाही. कास टम्म भरलेली. एकदा बसायची, एकदा उठायची. मी म्हटलं, मी काही जात नाही.

"आठ दिस हायेत आजून," हे म्हणाले. "जा की! कवा कुटं जात न्हाईस."

मी हिंजवडीला भाजी आणायला निघाले तरी "कशाला जातीयास?" विचारणारा हा माणूस, आणि आज म्हणतो, जा की! तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. तो पडला गाडी घोटावडं ओलांडून पुढं गेल्यावर. मागच्याच आठवड्यात एक हेडी गोठ्यात डोकावून गेला होता. मला गाडीत घालायचं आणि मागं म्हैस टेम्पोत घालायची! बया गं!

फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. ह्यांचा फोन फडताळात चार्जिंगला असतो आणि हे बाहेर असतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या वेळी ठाऊक असून काय उपयोग?

गाडीत उखाण्यांना ऊत आला होता. माझी पाळी आली तर नवऱ्याच्या जागी तोंडात म्हैसच आली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. जाऊबाई म्हणाल्या, "आगं, दादल्यापायी कुणी येवढी झुरत न्हाई!" मी पण हसले, पण आतून नुसती आग होत होती.

धरणावर सगळ्या उतरल्या. पाणी काठोकाठ भरलेलं, पलीकडचे डोंगर हिरवेगार, सगळं होतं. लोक कुठून कुठून ते बघायला येतात. मी फोनवरच्या काड्या बघत होते. एक होती, मग तीही गेली. फोटोसाठी मला मधे उभी केली. तो फोटो अजून गटाच्या ग्रुपवर आहे. सगळ्या पुढं बघतायत आणि मी फोन कानाला लावून आभाळाकडं.

"मावशी, आता रेंज इसरा," ड्रायव्हर म्हणाला. "परत हितं येस्तोवर काय लागत न्हाई."

पुढं ताम्हिणीत पाऊस असा, की काचेपलीकडं रस्ता दिसेना. देवीची ओटी भरताना बायकांनी पोराची नोकरी मागितली, लेकीचं लग्न मागितलं. मी म्हटलं, आई, म्हैस जाग्यावर असू दे, आणि रेडी होऊ दे. एका दमात दोन मागणी. मग वाटलं, देवी म्हणेल, ही बाई लई हावरी दिसतेय. म्हणून रेडीचं मागणं परत घेतलं. नुसती म्हैस असू दे. मग पायऱ्या उतरताना रेडीचंही परत मागितलं.

ढाब्यावर गरम भजी आली. मी माझी बशी जाऊबाईंकडं सरकवली. बायका धबधब्याखाली भिजून आल्या, मग चहा, मग कुणाची चप्पल वाहून गेली म्हणून ती शोधत बसल्या. मी दोनदा ओरडले, "चला गं, चला आता!" जाऊबाई चिडल्या. "सबंध दिसाचा इचका केलास तू." खरंच होतं ते. पण मी कुणाला सांगू, की माझ्याच नवऱ्यावर माझा वहीम आहे म्हणून?

परतीच्या वाटेवर धरणापाशी फोन वाजला. हेच होते.

"व्याली," हे म्हणाले. "दुपारीच."

"म्हैस हाय ना घरी?" मी आधी तेच विचारलं.

"मग कुटं जातीय? रेडी झालीया." आणि ठेवून दिला.

मी अशी किंचाळले, की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. गाडीभर टाळ्या. पौडात थांबून मी सगळ्यांना पेढे वाटले आणि उरलेल्या वाटेत तीन उखाणे घेतले, तिन्ही नवऱ्याचे.

घरी पोचले तशी ओल्या लुगड्यानं थेट गोठ्यात. म्हैस रेडकाला चाटत होती. हे शेणात मांडी घालून बसलेले, सदरा चिकानं माखलेला. मी रेडकाचं शेपूट उचललं.

टोणगा.

मी ह्यांच्याकडं बघितलं. सारा जन्म गुरांत गेलेला माणूस.

"अंधारात नीट दिसलं न्हाई मला," हे गव्हाणीकडं बघत म्हणाले.

"दुपारी कसला वो अंधार?"

"तू गेल्यापासनं दाराकडं बघून वरडत व्हती ती. माजं ऐकंना. शेवटाला तुजं जुनं लुगडं माज्या खांद्यावर टाकलं, तवा कुटं हात लावू दिला," हे म्हणाले. आणि खरंच, दावणीच्या खुंटीवर माझं लुगडं लोंबत होतं. मला रडूच फुटलं. दिवसभर मी ह्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते.

तेवढ्यात जाऊबाई चीक न्यायला पातेलं घेऊन आल्या. दारातूनच ओरडल्या, "काय गं, रेडीच ना?"

"व्हय, रेडीच," मी म्हणाले.

ह्यांनी पटकन एक गोणपाट उचललं आणि रेडकाच्या अंगावर पार शेपटापर्यंत ओढून घातलं. "थंडी लई हाय," हे म्हणाले.