सोमवारचं वजन

मोशीच्या मास्तरांनी माझ्या दीपाला फसवलं. महिन्याची पाळी थांबली म्हणजे शरीर लांब पळायला तयार झालं, असं त्यांनी तिला सांगितलं. तिनं ते मानलं, आणि चौदा महिन्यांनी पळता पळता तिच्या नडगीचं हाड तडकलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून लोक म्हणतील, बाई विरघळली. मी विरघळलेले नाही.

मी भाजीवाली. जालन्याकडून आलो तेव्हा भोसरीत हातगाडी लावली. आज चाकणच्या चार कंपन्यांच्या कॅन्टीनला माझ्या टेम्पोतून माल जातो. विकणारा आणि घेणारा दोघंही मला गंडवायला बसलेत, असं धरूनच मी रोज घराबाहेर पडते. म्हणून टिकले. बारावी झाल्यावर दीपा म्हणाली, "आई, एक मास्तर आहेत, मुलींना फुकट पळायला शिकवतात." मी पहिल्यांदा 'फुकट' हाच शब्द पकडला. फुकट कोण देतं?

मास्तर फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, देहूरोडला भाड्यानं राहायचे. तिथून स्कूटरवर पहाटे पाचला मोशीत हजर. मी तीन दिवस टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून, आत बसून त्यांच्यावर नजर ठेवली. दीपा धरून अकरा मुली होत्या. हा माणूस काठी घेऊन त्यांच्यामागून स्कूटर चालवायचा, कुत्री हाकायचा. बाईकवरच्या दोन टग्यांनी एकदा शिट्टी मारली, तर यांनी स्कूटर आडवी घातली आणि म्हणाले, "उतरा खाली. पोरींच्या मागं पळून दाखवा. पोचलात तर शिट्टी मारा." ती पोरं निमूट निघून गेली. पळणं संपल्यावर मुली घरी गेल्या, की मास्तर नळावर बसून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून घासायचे. तिसऱ्या दिवशी मला टेम्पोत बसायची लाज वाटली. पण संशय गेला नव्हता.

कारण त्यांचा तो काटा. स्कूटरच्या पायाशी, टॉवेलात गुंडाळलेला, पांढरा, वर उभं राहायचा काटा. दर सोमवारी मुलींची वजनं व्हायची. कुणाचं वजन वाढलं की मास्तर रागवायचे नाहीत, फक्त एक लिटरची पाण्याची बाटली पुढं करायचे. "दीड किलो म्हणजे ही अन् वर अर्धी. घेऊन पळणार का? न्हाई ना? मग ठेव घरी." मुली हसायच्या आणि पुढच्या सोमवारपर्यंत दीड किलो घरी ठेवून यायच्या.

काट्याचा विषय निघाला की माझं डोकं चालतंच. एका सोमवारी मी धंद्यातली वीस-वीस किलोची दोन लोखंडी वजनं, सरकारी शिक्क्याची, टेम्पोत घालून नेली.

मास्तर म्हणाले, "काय वैनी, आज पळायला आलात व्हय?"

"काटा बघायला आले. तुमच्या काट्यावर माझी पोरगी उभी राहती."

त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, की तुमचा विश्वास नाही का. स्वतः वाकून माझी वजनं काट्यावर ठेवली. चाळीस. बरोबर चाळीस, इकडं ना तिकडं. मास्तर खूश झाले. म्हणाले, "आता तुमी बी पास अन् आमी बी पास."

मी पास केलं. ज्याचा काटा खरा तो माणूस खरा, हा माझा तीस वर्षांचा हिशोब. काटा बघितला, त्याच्यावर उभी राहणारी पोर बघितली नाही. ही चूक भाजीवालीच करू शकते.

दीपा त्यांच्यासाठी जीव टाकायची. मास्तर म्हणाले शेंगदाण्यात तेल असतं, तर घरातले लाडू बंद. मास्तर म्हणाले रात्री हलकं, तर अर्धी भाकरी. तीही पुढं पाव झाली. मी शेलका माल घरी आणायचे, पण ही काकडी खायची. "आई, काकडीच दे." मला त्यातही अभिमान. शेजारणीला सांगायचे, माझी पोरगी वडापावकडं बघतसुद्धा नाही. जिल्ह्यात दहा किलोमीटरला दुसरी आली, तेव्हा मास्तरांनी तिच्यापेक्षा मोठ्यानं आरोळी ठोकली आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले. असा माणूस. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

माझ्या घरात काय संपतं आणि काय उरतं यावर माझी नजर असते. पॅडचं पाकीट कपाटात जसंच्या तसं पडलेलं दिसलं. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. माझ्या धाकट्या मुलीचं संपायचं, दीपाचं नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल ते कुठल्याही आईला विचारा. मोशीत कुणी ओळखेल म्हणून पिंपळे गुरवला गेले, तिथल्या मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली आणि दार लावून दीपापुढं ठेवली.

"काय लपवायलीस माझ्यापासून? कोण हाय तो?"

ती आधी समजलीच नाही. समजली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं. "आई, तुला हेच वाटलं?" पट्टी घेऊन आत गेली, बाहेर आली, माझ्या हातात दिली. काही नव्हतं. मग म्हणाली, "मास्तर म्हणतात ते थांबतंच. थांबलं की समजायचं, शरीर तयार झालं. सगळ्या मुलींचं थांबलंय."

मास्तर 'पाळी' हा शब्द कधीच तोंडातून काढायचे नाहीत. 'ती गोष्ट' म्हणायचे, तेही दुसरीकडं बघून. ती गोष्ट थांबली का? छान. एवढंच.

आणि मी काय केलं? मी सुटले. कुणी पोरगा नाही म्हटल्यावर मला बाकी काही ऐकू आलं नाही. भावात चार आण्यांनी मागं न हटणारी बाई त्या दिवशी एकही प्रश्न न विचारता उठली. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या स्कूटरला मेथीच्या दोन जुड्या बांधल्या, वर म्हटलं, "पोरीला सांभाळा." ते म्हणाले, "माझीच हाय वैनी."

पुढच्या वर्षी मोशीच्या चढावर ती बसली. पडली नाही, ठेच नाही, गाडीचा धक्का नाही. नुसती पळत होती आणि बसली. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि आम्हाला एका बाई डॉक्टरकडं पाठवलं. त्या बाईंनी पहिला प्रश्न पायाचा विचारला नाही. "शेवटची पाळी कधी आली?"

दीपानं बोटं मोजली. मोजायला वेळ लागला.

"आणि जेवतेस काय? काकडी सोडून सांग."

मग डॉक्टर माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "पळण्यात जेवढं खर्च होतं, तेवढं पोटात जात नाही. मग शरीर आधी ते बंद करतं ज्याच्यावाचून आज जगता येतं. पाळी बंद. पाळी बंद म्हणजे हाडाला जे लागतं तेही आटतं. तुमची मुलगी वीस वर्षांची आहे ताई. हाड भरायचं हेच वय." मी विचारलं, पुन्हा भरेल का? त्या म्हणाल्या, "जेवली, थांबली, तर बरंच. सगळं भरेल असं मी लिहून देणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी घासाघीस केली नाही.

तिथून थेट मोशीच्या मैदानावर, संध्याकाळच्या सरावाला. मास्तर पायऱ्यांवर बसून मुलींच्या नाड्या मोजत होते.

"दीपाचं हाड तडकलंय."

"कळलं वैनी. पळणाऱ्याचं व्हतं असं. दीड महिना इश्रांती..."

"चौदा महिने पाळी नव्हती तिला. ठाव होतं ना तुमाला?"

त्यांनी मान खाली घातली. "वैनी, पोरींसमोर नको."

"पोरींसमोरच! अंग त्यांचं हाय. तुमी कोण ते थांबलं म्हणून शाबासकी देणारे?"

मी बरंच बोलले. शिव्याही दिल्या, त्या इथं लिहीत नाही. मास्तर उठले नाहीत, आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, "आमाला शिबिरात असंच सांगितलं वैनी. जिल्ह्याच्या क्रीडा मंडळाच्या शिबिरात. म्या लिहून घेतलं हुतं."

"अन् पोरींना विचारलं कधी?"

"कसं इचारू?" तो चेहरा मी विसरले नाही. रस्त्यावर काठी घेऊन कुत्र्यांवर जाणारा माणूस त्या एका शब्दाला घाबरत होता. मग तेच म्हणाले, "तुमी इचारा. म्या तिकडं तोंड करतो."

ते पाठमोरे उभे राहिले आणि मी विचारलं. दहा मुली समोर होत्या. सात हात वर आले. एकीला घरच्यांनी थायरॉइडच्या गोळ्या चालू केल्या होत्या. एकीच्या आईनं अंगारा लावला होता. एकीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण पाळी नसली की पळायला सोपं पडतं. मास्तरांनी न वळता विचारलं, "किती?" मी म्हटलं, "सात. दीपा आठवी." ते तिथंच मातीत खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात स्कूटर वाजली. मास्तर उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन उभे. लाडू स्वतः वळलेले, वेडेवाकडे. दीपासमोर बसले आणि म्हणाले, "खा. म्या चुकलो. मला न्हाई ठाव हुतं, पण म्या सांगितलं, म्हंजी म्याच चुकलो." माझ्या धंद्यात कुणी असं बोललेलं मी ऐकलेलं नाही. महिनाभरात ते एकेक करून सगळ्या मुलींच्या घरी गेले, आयांसमोर तेच वाक्य म्हणाले. मग शिकवणं सोडून गावाकडं गेले. निघताना मला म्हणाले, "वैनी, पोरींचं बघा." मी तेव्हाही फणकाऱ्यानंच म्हटलं, "आता बघायला मीच उरले." गेल्या थंडीत ते वारल्याचं कळलं. दीपा दिवसभर घराबाहेर पडली नाही. मीही टेम्पो काढला नाही.

दीपाची पाळी सात महिन्यांनी आली. आता ती जेवते, भांडून जेवते, आणि पुन्हा पळायचं म्हणते. मंडळानं मोशीत नवा मास्तर दिलाय. त्याचा फॉर्म परवा घरी आला, पालकाच्या सहीसाठी. उंची आहे, वजन आहे, छाती आहे, नजर आहे. पाळीचा रकाना नाही. खाली 'धावण्यास योग्य' असं छापलेलं, आणि मंडळाच्या डॉक्टरची सही आधीच केलेली, खाली नाव नाही. माझ्या मुलीला त्या डॉक्टरनं अजून पाहिलेलंही नाही. मी मास्तरांच्या वेळचे, दीपाचं हाड तडकलं त्या वर्षीचे फॉर्म मुलींच्या घरांतून गोळा केले. अकराच्या अकरा फॉर्मवर हीच सही, आणि सगळ्यांवर एकच तारीख. म्हणजे आठ मुलींची पाळी बंद असताना या डॉक्टरनं त्यांना योग्य ठरवलं होतं, आणि ज्याला खरंच माहीत नव्हतं त्या मास्तरानं दारोदार माफी मागितली.

दीपा रोज विचारते, "आई, सही केलीस का?" मी केलेली नाही. तिला पळायचंय, आणि तिला पळू द्यायचंय हे मलाही कळतं. पण मंडळाच्या अध्यक्षांना मी हे लेखी विचारते आहे, उत्तरही लेखी हवं आहे: त्या शिबिरात हे कुणी शिकवलं, आणि न बघता सही कुणी केली? नावं सांगा. त्या दोघांना माझ्या दीपासमोर आणून बसवा. ते तिला उत्तर देतील, मग मी सही करेन.