शंभरातले ऐंशी

माझ्या बायकोच्या मामांनी रोमन सैन्यावर जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द रोमच्या सम्राटांनीही केलं नसेल. इतकी वर्षं कार्डिफमध्ये राहून त्यांना रग्बी कळली नाही, वेल्शचा एक शब्द धड उच्चारता आला नाही. पण आठ सैनिकांचा एक तंबू, दहा तंबूंची एक सेंच्युरी, सहा सेंच्युऱ्यांचा एक कोहोर्ट आणि दहा कोहोर्टांचं लीजन, हे ते परवचा म्हटल्यासारखं सांगतात. "त्यातही पहिला कोहोर्ट मोठा बरं का," हे बोट वर करून. जेवायला आम्ही सहाजण बसलो, की "दोन कमी आहेत, तंबू भरत नाही," म्हणत ते शेजारच्या वेल्श दांपत्याला हाक मारतात. ती दोघंही आता हाकेची वाट न बघता येतात.

एकदा मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाची ऑर्डर मामांकडे होती. "किती पानं सांगितलीत?" मी विचारलं. "एक सेंच्युरी," मामा म्हणाले. शंभर माणसं आली आणि ऐंशी पानांनंतर पुरी संपली. मी हवालदिल. मामा शांत. "जावईबापू, शंभर क्रिकेटमध्ये. रोममध्ये ऐंशीच!" उरलेल्या विसांसाठी हॉलच्या किचनमध्ये खिचडी टाकताना मामी जे बोलल्या, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

परवा मामांच्या दहा वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही जवळच्या रोमन छावणीचे अवशेष बघायला गेलो. बराकींचे दगडी पाये गवतात अजून दिसतात. मामा रंगात आले होते, तेवढ्यात नातीनं विचारलं, "पण आजोबा, नाव हंड्रेडचं, तर बाकीचा ट्वेंटी लोक कुठे गेला?"

"काहीजण म्हणतात, ते खेचरं हाकायचे, ओझी वाहायचे. लढणारे नव्हते, म्हणून मोजले नाहीत." मग मामा एकदम म्हणाले, "माझ्यासारखे."

"पण तुम्ही तर डॉक्टर होते ना?"

आम्ही मात्र ते हॉस्पिटलच्या ऑफिसात असावेत असं समजत होतो. डॉक्टरांनी भरलेल्या मराठी मंडळात मामांनी कधी नीट सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. लाजल्यासारखे हसून ते म्हणाले, "नाही गं. मी पोर्टर होतो. वॉर्डातून पेशंटची ट्रॉली ऑपरेशन थिएटरपर्यंत ढकलत न्यायचो. माणसं फार घाबरलेली असायची. एका म्हाताऱ्या पेशंटनं मला रोमन सैन्याचे हे आकडे शिकवले. मग मी प्रत्येकाला विचारायचो, सांगा बघू, सेंच्युरीत माणसं किती? सगळे शंभर म्हणायचे. ऐंशी का, ते सांगेपर्यंत थिएटरचं दार यायचं."

"मग नंतर ते तुम्हाला थँक यू म्हणायचा?"

"परत आणताना ते झोपेत असायचे गं."

वारा बोचरा होता. मामांचा हात कोटाच्या खिशात होता. नातीनं आपलाही हात त्याच खिशात घातला, आणि ती दोघं गवतातून पुढच्या बराकीकडे चालू लागली.