ज्याचा त्याचा रोडगा

जगातल्या सगळ्या देशांनी मिळून हवा सुधारायची जबाबदारी घेतली आणि मग एकेकानं ती हळूच खाली ठेवली. आता ती उचलून धरायला सिंदी रेल्वे या गावात एकच माणूस उरला आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. ते वर्ध्याला आमच्याकडे आले की आधी माणसांकडे नाही, छताकडे बघतात. मी पंख्याखाली बसलेलो असलो तरी बटण बंद करतात आणि "बाहेर हवा हाय न, मास्तर" म्हणून मला अंगणात ओढून नेतात. मे महिन्यात आमच्या अंगणात जी हवा असते तिच्यावर पापड भाजून निघतील. अंगणातही ते बसत नाहीत. तुळशीपासून फाटकापर्यंत येरझारा घालत जगाचं धोरण सांगतात, आणि त्यांच्याकडे बघून बघून माझी मान दुखायला लागते.

हे वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. तीस वर्षं ते रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. समोरून कोळशाच्या मालगाड्या जायच्या आणि हे हिरवी झेंडी धरून उभे राहायचे. पुढे कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी कोळसा आणि तापमानाबद्दल वाचलं आणि तेव्हापासून त्यांची झोप गेली ती गेलीच. "किती गाड्या गेल्या असतीन, मास्तर? एकीलेही लाल दाखवली नाई मी," असं ते अगदी गुन्हा कबूल करावा तसं म्हणतात. लाल दाखवली असती तर नोकरी गेली असती, हे मी त्यांना अनेकदा समजावलं आहे. त्यांना ते पटत नाही.

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या देशात हवामानाची मोठी परिषद भरते. ते दोन आठवडे आमच्या कुटुंबाला सुतकासारखे जातात. परिषद ठरल्या दिवशी कधीच संपत नाही, आणि ज्या माणसानं आयुष्यभर मिनिटांवर फाटक लावलं त्याला हे सहन होत नाही. एका वर्षी कोळसा 'बंद करू'च्या जागी ठरावात शेवटच्या घटकेला 'कमी करू' आलं, तेव्हा साडू ताटावरून उठले आणि स्टेशनपर्यंत चारदा जाऊन आले. ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, वरण पुन्हा पुन्हा गरम करत राहिली. शेवटी तेही त्यांना टोचलं, कारण गॅस जळत होता.

धोरणाची सगळी कलमं ते घरात लागू करतात. ज्यानं आधी धूर केला त्यानं आधी आवरावं, असं एक तत्त्व आहे म्हणे. त्या तत्त्वानुसार आमच्याकडे फ्रिज त्यांच्या आठ वर्षं आधी आला, म्हणून आम्ही श्रीमंत राष्ट्र. श्रीमंत राष्ट्रानं गरिबाला मदत द्यायची असते, म्हणून माझी सायकल ते घेऊन गेले. मी मागायला गेलो तर म्हणाले, "मदत वापस मांगत नसते." वर मलाच विचारलं, की आता मी पायी चालून राह्यलो की नाही.

मात्र त्यांचा खरा राग तारखेवर. कोणी 'लवकरच करू' म्हटलं की ते उसळतात. "तारीख नाई तं वचन कायचं? टाइम नसलेली गाडी कोणी पायली का?" आपल्या देशानं धूर शून्यावर आणायला दोन हजार सत्तरची तारीख दिली म्हणून ते देशावर खूश आहेत. तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडलेली असेल, पण तपासायला आपण हजर राहू याबद्दल त्यांना शंका नाही.

अशा माणसाला मी एकदाच कोंडीत पकडलं. हिवाळ्यात शेतावर रोडग्याचा बेत होता. गोवऱ्यांचा आर पेटवून त्यात कणकेचे गोळे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरून तूप. धूर असा, की शेजारच्या शेतातली माणसं बघायला आली. साडू पाचवा रोडगा फोडत होते. मी म्हटलं, "भाऊ, हा धूर चालतो का?" त्यांचा हात थांबला. बराच विचार करून म्हणाले, "पायजो मास्तर, परतेक देशाचा एक रोडगा असते. तेवढा सोडून बाकी सारं कमी करतो म्हनते थो." आणि रोडगा तुपात बुडवला. मी इतकी भाषणं ऐकली, पण जगाचं राजकारण मला त्या दिवशी कळलं.

स्वतःसाठी त्यांनी रोडग्याखेरीज दुसरी सूट घेतली नव्हती. विमानात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा पण होता. आणि त्यांची एकुलती मुलगी जर्मनीत. तिथेच तिला मुलगी झाली, ती बसू लागली, चालू लागली, पाच वर्षांची झाली, आणि आजोबांनी तिला फक्त मोबाइलवर पाहिलं. बोलावणं दरवर्षी यायचं. "जमत नाई, बेटा," एवढं बोलून ते फोन ताईकडे द्यायचे आणि अंगणात जाऊन फिरत राहायचे. त्या वेळी ते कुठल्याच धोरणावर बोलत नसत. ताई पाठमोरी होऊन फोनवर हसत असे. मला त्यांचा फार राग यायचा.

शेवटी या हिवाळ्यात मुलगीच आली, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन. नागपूरच्या विमानतळाबाहेर आम्ही उभे होतो. साडू इकडून तिकडे चालतच होते. ताई शांतपणे म्हणाली, "आपन दोघं गेलो असतो तं दोन तिकिटं लागली असती. आता हे तिघं आले. अन् पुढच्या साली पुन्हा तिघंच येतीन."

इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच जागच्या जागी थांबलेलं पाहिलं. "हे माह्या ध्यानातच नाई आलं वं," असं ते अगदी हळू म्हणाले.

पुढचे वीस दिवस नातीनं त्यांना जागेवर बसवलं. त्यांनी तिला जुनी हिरवी झेंडी दिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोजचं पान फाडायचं काम दिलं. ती परत निघाली त्या दिवशी सिंदीच्या फलाटावर तिनं विचारलं, "आबा, तुम्ही कधी येणार?"

"येईन न, बेटा. लवकरच."

"लवकरच म्हणजे किती पानं?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. गाडी सुटली आणि खिडकीतून ती हिरवी झेंडी हलत गेली. तीस वर्षं ज्यांनी गाड्यांना झेंडी दाखवली, त्यांना पहिल्यांदाच गाडीनं दाखवली. ते झेंडी दिसेनाशी होईपर्यंत ताठ उभे होते, ड्यूटीवर असल्यासारखे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं ते आमच्या घरी हजर झाले. छताकडे न बघता थेट पंख्याखाली बसले आणि कॅलेंडर माझ्यापुढे ठेवलं.

"मास्तर, पासपोर्टाचा फॉर्म भरून द्या. कवा भेटते थो? तारीख सांगा."

"नक्की कसं सांगू, भाऊ? मिळेल लवकरच."

"लवकरच नोका म्हनू," ते कळवळून म्हणाले. "थे पोरगी पानं मोजत असन तिकडे."

मला जुनी खोड आवरली नाही. म्हटलं, "आणि विमानाचा धूर?"

ते कॅलेंडरच्या पानांवरून अंगठा फिरवत राहिले. "हा माहा रोडगा हाय, मास्तर," ते म्हणाले.

मी पेन उघडलं. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी सही केली, कॅलेंडर काखेत मारलं आणि परतीची गाडी गाठायला लगबगीनं निघून गेले. रिकाम्या खोलीत पंखा तसाच फिरत राहिला होता. मी उठलो आणि बंद केला.