सायकलीवरचं तिसरं मूल

पायडल मारण्याआधी ते खाली वाकायचे आणि मुलांच्या पायांना हात लावायचे. आधी पुढच्या छोट्या सीटवर बसलेल्या मुलाच्या, मग मागे कॅरियरवर बसलेल्या मुलीच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी गाडीची काच खाली करून विचारलं होतं, "काय भाई, सकाळी सकाळी पोरांच्या पाया पडता?"

"पडायलाच पायजे साहेब," ते म्हणाले. "चाक काय बघत नाय पाय कोनाचा हाय ते."

पाय चाकाच्या तारांपासून लांब आहेत याची खात्री झाली की "यल्ला" म्हणून निघायचे.

मस्कतमध्ये सायकल चालवणारे दोन प्रकारचे लोक तुम्हीही पाहिले असतील. शुक्रवारी पहाटे घट्ट कपडे घालून समुद्राकाठी जाणारे एक, आणि ज्यांच्याकडे दुसरं काही नाही ते दुसरे. या दुसऱ्या प्रकारातही मुलांना शाळेत सोडून कामावर जाणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमच्याच इमारतीत, अल मवालेहला, तळमजल्यावर राहायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मूळचे हर्णैच्या बाजूचे. मवालेहच्या भाजी मार्केटमध्ये एका ओमानी मालकाच्या, म्हणजे इकडच्या भाषेत अर्बाबच्या, गाळ्यावर कामाला होते. तोंडावर मी त्यांना भाई म्हणायचो, अहोजाहो करायचो. घरात मात्र आम्ही नवरा-बायको 'तो सायकलवाला' म्हणत असू. इथे मी 'ते' लिहितो आहे, ते आता उशिरा सुचलेलं शहाणपण आहे.

त्यांची बायको एका खासगी दवाखान्यात नर्स होती. दवाखान्याची व्हॅन तिला सव्वासहालाच घेऊन जायची. त्यानंतर सगळा कारभार यांचा. मुलगी दुसरीत होती, तिला पावणेसातला शाळेत पोचवायचं. मुलगा तीन वर्षांचा, त्याची नर्सरी सातला उघडायची. ती शाळेपासून बरीच आत, व्हिलांच्या गल्ल्यांमध्ये होती. आणि साडेसातला गाळ्यावर.

"साडेसात म्हंजे साडेसात साहेब. अर्बाब चांगला हाय, पन त्याचा घड्याळ वाईट हाय."

असं म्हणत असले तरी मी त्यांना घाई करताना कधी पाहिलं नाही. मुलगी डबा विसरली म्हणून पुन्हा घरात पळाली, मुलाने एक सँडल कुठे तरी काढून टाकली, चेन उतरली, काहीही झालं तरी ते एकच म्हणायचे, "टायम हाय अजून." आमच्याकडे एक मूल, एक गाडी आणि दोन शिकलेली माणसं होती, आणि रोज सकाळी घर डोक्यावर घेतलं जायचं.

मागच्या गल्ल्यांमधून जाणारा एक रस्ता त्यांनी स्वतः शोधून काढला होता. हमरस्त्याला ते शक्य तेवढं टाळायचे. कुठल्या व्हिलातला ड्रायव्हर मागे न बघता गाडी बाहेर काढतो, कुठल्या वळणावर बागेचं पाणी रस्त्यावर येऊन चाक घसरतं, कुठे एक पांढरी मांजर आडवी येते, हे सगळं त्यांना पाठ होतं. चढ आला की उतरून सायकल ढकलायचे. मागच्या कॅरियरवर त्यांनी भाजीच्या क्रेटची एक बाजू कापून पाठ टेकायला लावली होती, आणि माल बांधायच्या रुंद पट्ट्याने मुलगी त्या पाठीला बांधलेली असायची.

त्यांचा एक नियम होता. सायकलीवर इंग्रजी बंद. त्यांची मुलगी आमच्या मुलीसारखीच शाळेत इंग्रजी बोलायची, घरात अडखळत मराठी. "खाली उतरलात की काय ती इंग्रजी फाडा," ते तिला सांगायचे, "वर बसलात की आपली भाषा. सायकलला इंग्रजी समजत नाय, मधेच थांबंल." मुलीचा यावर विश्वास होता की नाही कोण जाणे, पण ती नियम पाळायची.

हे सगळं मी इतक्या तपशिलात सांगू शकतो, कारण दोनेक आठवडे त्या सायकलीवर माझी मुलगीही होती.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बायको पुण्याला गेली. माझी तेव्हा निझव्याच्या साइटवर नेमणूक होती. कंपनीची गाडी साडेसहाला निघायची, आणि इराची नर्सरी सातला उघडायची. तीच नर्सरी, जिथे त्यांचा मुलगा जायचा. पहिल्या दिवशी मी तोंडात हेअरक्लिप, कान आणि खांद्यामध्ये फोन, एका हातात इरा आणि दुसऱ्या हातात तिचा डबा असा जिन्यात उभा राहून ऑफिसला खोटं कारण सांगत होतो. ते खाली सायकल पुसत होते. फोन संपेपर्यंत थांबले.

"वहिनी गावाला गेल्या काय?"

मी हो म्हणालो.

"मग द्या ना पोरगी माझ्याकडं. माझी दोन जातातच. ही काय, वाटेतच हाय."

मी नको नको म्हणालो, ते म्हणण्यापुरतंच. दुसऱ्या दिवसापासून सहा वीसला ते तीन मजले चढून यायचे. इरा दप्तर घेऊन दारात उभी असायची. तिला त्यांनी पुढची सीट दिली आणि स्वतःच्या मुलाला मागे बहिणीच्या मांडीत बसवून दोघांना मिळून पट्टा बांधला. तिघं बसली की ते सपाट रस्त्यावरही सावकाश चालवायचे, त्यामुळे घरातून दहा मिनिटं आधी निघायला लागले. ती दहा मिनिटं त्यांनी कुठून आणली हे मी विचारलं नाही. नर्सरी संध्याकाळपर्यंत उघडी असायची, त्यामुळे परतताना इराला मी घ्यायचो.

आठवड्याभरात इरा "मला नाय पायजे" म्हणू लागली. रात्री व्हिडिओ कॉलवर आजीने ते ऐकलं आणि विचारलं, "हे कुठलं मराठी?" मी म्हणालो, "बिल्डिंगमध्ये खेळते ना, तिथलं." सायकलीबद्दल मी पुण्याला काही सांगितलं नव्हतं. बायकोलाही 'सोय झाली आहे' एवढंच सांगितलं होतं. आपल्या मुलीला भाजीवाल्याच्या सायकलीवरून नर्सरीत जावं लागतं याची मला लाज वाटत होती. तेव्हाची लाज ही अशी होती. आता ती आठवली तरी कानशिलं तापतात.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी मी कुकर लावत होतो तेव्हा मराठी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. आपल्याकडचे हे ग्रुप तुम्हाला माहीत आहेत. दीडशे माणसं असतात, त्यातली दहा बोलतात, आणि आपल्याखेरीज कोण कोण वाचतंय हे कोणी पाहत नाही. कोणी तरी मागच्या गाडीतून तो फोटो काढला होता. सायकल, एक माणूस, तीन मुलं. चेहरे दिसत नव्हते. पुढे बसलेल्या मुलीचं बदकाचं पिवळं दप्तर मात्र कोपराखालून स्पष्ट दिसत होतं. ते मी स्वतः विकत घेतलं होतं.

खाली मेसेज येऊ लागले. मुलांच्या जिवाशी खेळ आहे हा. परवडत नाही तर आणायचं कशाला कुटुंबाला. शाळेला कळवायला हवं. मग एकाने मला नाव घेऊन विचारलं, "तुमच्याच बिल्डिंगमधले ना हे?"

मला लिहिता आलं असतं की हो, आणि पुढची मुलगी माझी आहे. लिहिता येत नव्हतं तर गप्प राहता आलं असतं, कुकरच्या शिट्ट्या होतच होत्या. मी लिहिलं, "हो, खाली राहतात. मीही रोज पाहतो. खरंच धोकादायक आहे. कोणी तरी बोलायला हवं." भराभर अंगठे आले. जीव भांड्यात पडला, हे खरं सांगायला हवं. मला अगदी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहा वीसला बेल वाजली. ते दारात उभे होते, नेहमीसारखेच. मी डबा भरण्यात मुद्दाम वेळ काढला, त्यांच्याकडे बघायला नको म्हणून. "टायम हाय अजून," ते म्हणाले. इराने त्यांचा हात धरला आणि दोघं जिना उतरली. खिडकीतून मी त्यांना वाकून सहा पायांना हात लावताना पाहिलं. मग मी निझव्याला गेलो.

रविवारी शाळेने त्यांना बोलावून घेतलं. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा त्यांनीच सांगितलं. सुपरवायझरबाईंनी फोटो दाखवला, आणि यापुढे सायकलीवरून मूल आणणार नाही असं लिहून घेतलं.

"तिसरी कोनाची इचारत होत्या," ते म्हणाले. "म्हटलं, भाची हाय माजी. तुमचा नाव नाय घेतला साहेब. तुमाला उगाच तरास नको. खोटं बोललो, अल्ला माफ करील."

मी "थँक यू" म्हणालो. एवढंच म्हणालो.

बायको यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांसाठी मी रजा टाकली आणि ती लगेच मंजूर झाली. म्हणजे रजा पहिल्यापासून मिळण्यासारखी होती, हेही इथे सांगून टाकतो.

त्यानंतर ते चालत जाऊ लागले. मुलगा कडेवर, मुलगी हाताला, तिचं दप्तर पाठीवर. शाळेच्या बसमध्ये जागा नव्हती, नर्सरीला बसच नव्हती, आणि रोजची टॅक्सी त्यांच्या आवाक्यात नव्हती. एप्रिल लागला होता. सकाळी सातलाही ऊन पाठीवर यायला लागलं होतं. बायको इराला गाडीने सोडायची तेव्हा रस्त्यात ते तिघं दिसायचे. एकदा ती घरी येऊन म्हणाली, "मागची सीट रिकामीच असते आपली. घेऊ का त्यांना?" तोवर सायकलीचं सगळं तिला मी सांगितलं होतं, मेसेजचं सोडून.

"घे एखाद्या दिवशी," मी म्हणालो. "पण एकदा सवय लागली की रोजचंच होतं."

हे वाक्य बायकोच्या तोंडी घालायचा मला आत्ता लिहिताना मोह झाला होता. पण ते मी म्हणालो होतो. खरं कारण सवयीचं नव्हतंच. ते रोज सकाळी खाली आमच्या गाडीपाशी येऊन थांबले असते, आणि कामावर निघताना मला रोज त्यांना तोंड दाखवावं लागलं असतं.

गाळ्यावर पोचायला त्यांना आठ वाजू लागले. महिनाभर अर्बाबने चालवून घेतलं, मग खलास म्हणाला. एक तर वेळेवर ये, नाही तर दुसरं काम बघ. मग त्यांच्या बायकोने सकाळची पाळी बदलून मागितली, ती मिळाली नाही. सुट्टी लागताच ती नोकरी सोडून दोन्ही मुलांना घेऊन गावी गेली. ते मार्केटजवळ सहाजणांच्या खोलीत राहायला गेले. सामान टेम्पोत चढवताना मी वरून पाहिलं. खाली उतरलो नाही. त्यांनी इरासाठी डाळिंबांची पिशवी आमच्या दाराला अडकवून ठेवली होती.

वर्षभर मी हे पोटात ठेवलं. मग एका शुक्रवारी सकाळी मार्केटला गेलो. भाजी आणायला जातो असं घरी सांगितलं होतं, पण मनात ठरवून गेलो होतो. ते गाळ्यावर लिंबं निवडत होते. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की माझे अर्धे शब्द तिथेच गेले.

"साहेब! वहिनी बऱ्या हायत? आमची इरा आता मोठ्या शाळेत गेली आसंल."

मी हो म्हणालो. त्यांच्या मुलांचं विचारलं. मुलगी गावच्या शाळेत रमली होती. मग मुलाचं सांगितलं. "तो फोनवर येत नाय आताशी. लाजतो. वलख कमी झाली."

मग मी म्हणालो, "भाई, तो फोटो आला होता ना ग्रुपवर, तेव्हा त्याच्याखाली मी पण लिहिलं होतं. धोकादायक आहे म्हणून. इरा तुमच्या सायकलीवर असताना लिहिलं होतं."

त्यांनी एक पिवळं पडलेलं लिंबू बाजूला टाकलं. "म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं?"

"बायको होती ना त्या ग्रुपात. तिनं वाचून दाखवला, त्याच संध्याकाळी. लय रडली. म्हनाली, उद्या त्यांची पोरगी न्यायची नाय."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मग दुसऱ्या दिवशी का आलात?"

मी काय विचारतोय ते त्यांना नीट कळलं नाही असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा लिंबांत हात घातला.

"पोरगी दप्तर घेऊन दारात हुभी आसंल ना साहेब," ते म्हणाले. "पोरीनं काय केलंन?"

तेवढ्यात एक ओमानी बाई मिरच्या मागायला आल्या आणि ते तिकडे वळले. त्यांचं होईपर्यंत थांबून माफी मागायची, असं मी मनाशी म्हणत होतो. बाईंनी मिरच्या घेतल्या, मग कोथिंबीर बघितली, मग आलं. मी तिथून निघून आलो.

त्यानंतर आम्ही भाजी सुपरमार्केटमधून आणू लागलो. तिथली ताजी असते, असं मी बायकोला सांगितलं. आता तर ते घाऊक मार्केटच मवालेहहून हलून लांब गेलं आहे. ते त्याच्याबरोबर गेले, की गावी परतले, मला माहीत नाही. कोणी त्यांची आठवण काढली तर मी सांगतो, मार्केट फार लांब पडतं हो आता.