माजघरापर्यंतची परवानगी

मोबाईलमध्ये ॲप घेण्याआधी त्याच्या अटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे.

बोर्ली पंचतनच्या पुढे मामांची सुपारीची वाडी आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, शाळेत संगणक शिकवतो. पण ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्याआधी वर काय लिहिलंय ते बघायचं असतं, हे मला मामांमुळे कळलं. त्यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून ते मला समोर बसवून ओळीओळीचं मराठी करून घेतात. दारात आलेल्या अनोळखी माणसाशी वागावं तसे ते ॲपशी वागतात. कोण, कुठलं, काय काम, हे कळेपर्यंत त्याने ओटीवर बसायचं. माजघरात पाऊल नाही. टॉर्चचं एक ॲप फोनमधले सगळे नंबर मागू लागलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, “उजेड पाडायला याला आमच्या व्याह्यांचा नंबर कशाला हो, जावईबापू?” पंचांगाच्या ॲपला मायक्रोफोन हवा होता. “एकादशी त्याने सांगायची की मी?” आगरदांड्याच्या जेटीवर तर त्यांनी एका अनोळखी पर्यटकाला त्याच्याच फोनमधल्या अटी वाचायला लावल्या. त्या नादात दोघांचीही दिघीची फेरीबोट चुकली. पर्यटकाने रागवायचं सोडून मामांना वाकून नमस्कार केला. मला नवल वाटलं नाही. त्यांच्यापुढे माझंही तसंच होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या कॅनडातल्या मुलीने लिंक पाठवली. नातीच्या शाळेचं नाटक तिथे सकाळी, म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीला, थेट दिसणार होतं. नात त्यात कासव होती. नात पाच वर्षांत इकडे आली नव्हती. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून फोनसमोर बसल्या. मी लिंक उघडली, तर पडद्यावर ओळ आली: हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही.

“म्हणजे?” मामींनी विचारलं.

“तो त्यांच्या देशातच दिसतो, मामी. पण एक ॲप आहे. आपण कॅनडात बसलोय असं ते भासवतं.”

“मग घ्या की.”

मामांनी हात वर केला. “वाचा.”

मी वाचू लागलो. ते ॲप आपण काय काय बघतो ते साठवणार होतं, फोनमधले नंबर घेणार होतं आणि दुसऱ्यांना देणारही होतं. मामा म्हणाले, “खोटं ठिकाण सांगण्यासाठी हा आपलं खरं सगळं मागतोय.”

“तुम्ही चौकश्या करत बसा,” मामी म्हणाल्या, “तिकडे पोर स्टेजवर उभी असेल.”

मला वाटलं, मामा नकार देतील. पण ते मामींना म्हणाले, “फोन तुझा. ठरवायचंही तूच. पण न ऐकता नाही.” मग मी वाचत राहिलो, मामा मध्येमध्ये अर्थ विचारत राहिले आणि मामी पदराचं टोक पिळत राहिल्या. शेवटची अट संपल्यावर मामांनी विचारलं, “मान्य?”

“पहिल्या ओळीलाच मान्य होतं मला,” मामी म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

नाटक संपलं होतं. सभागृह रिकामं झालं होतं, कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. कॅमेरा बंद करायचं मात्र राहून गेलं होतं. मामा खाली बघत होते. माणूस बरोबर वागूनही इतका अपराधी दिसू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

तेवढ्यात स्टेजच्या कडेला पुठ्ठ्याचं कवच पाठीवर बांधलेली एक मुलगी आली. पायऱ्यांवर बसून बिस्कीट खाऊ लागली.

“आपलीच आहे,” मामी म्हणाल्या. “बसते बघा कशी. आईसारखी, एक पाय दुमडून.”

मामा पुढे सरकले आणि लगेच थबकले. “तिला ठाऊक नाही आपण बघतोय ते. असं बघणं बरं नव्हे.”

“आजीआजोबांना कसली आलीय परवानगी,” मामी म्हणाल्या, आणि पडद्याकडे बघून हात हलवू लागल्या.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मुलीने बिस्कीट संपवलं, फ्रॉकवरचा चुरा झटकला आणि कुणाची तरी हाक आल्यासारखी ती उठली. तेव्हा मामांचाही हात अर्धा वर गेला. पडदा काळा झाल्यावरही तो बराच वेळ तसाच होता.