सासऱ्यांसाठी चिंबोऱ्या, मार्गे तुडील

माझे सासरे पोलादपूरचे. जावई ठाण्यात बसून कॉम्प्युटरवर बोटं आपटतो, याला ते काम मानत नाहीत. त्यामुळे ‘खाडीत जबाबदारीने मासेमारी शिका’ अशी जाहिरात दिसताच मी फोनवर जाहीर करून टाकलं, की रविवारी चिंबोऱ्यांचं कालवण माझ्याकडून. “बघू,” ते म्हणाले.

पहाटे बायकोला घेऊन निघालो. हायवे रुंद झालाय म्हणतात. जिथे झालाय तिथे खरंच झालाय. महाडला मिसळ खाऊन तुडीलला वळलो. समुद्र इथून लांब, पण सावित्रीला भरती-ओहोटी इथवर येते. फी माणशी पाचशे, भाकरीसकट.

आमच्या गाईड सुनंदाताई साडी खोचून तयारच होत्या. माझे नवे ट्रेकिंगचे बूट त्यांनी निरखून पाहिले.

“गाडीत ठेवा, भाऊ. चिखल पाय सोडतो, बूट नाय सोडत.”

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात खेकड्यांची बिळं होती. बीळ खणायचं नाही, नुसती लोखंडी आकडी घालायची आणि वाट बघायची. खांद्यापर्यंत माखल्यावर एक चिंबोरी आली, चांगली ताटलीएवढी. ताईंनी ती उलटी केली. पोटावरचं झाकण रुंद होतं.

“मादी हाय, भरलेली. सोडा.”

“एवढी एकच ठेवू का?” मी अगदी गयावया केली. भरलेलीच तर चवीला भारी.

“पुढल्या सालचं सगळं हिच्या पोटात हाय.”

सोडली. दुसरीही मादीच निघाली. मग पायाच्या बोटांनी चाचपून शिंपल्या काढल्या, त्यातल्या बारक्या परत टाकायला लावल्या. उरली वाटीभर कमाई.

बिरवाडी फाट्यावर चिकनचं दुकान दिसलं. “थांबायचं का?” बायकोने विचारलं. मोह झाला, पण थांबलो नाही.

पोलादपूरला पोचताच सासऱ्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. “चिंबोऱ्या?”

“माद्या होत्या. सोडल्या.”

आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी मात्र एक शिंपली उचलून तळहातावर घेतली.

“आमी नाय सोडल्या कधी,” ते म्हणाले. “भरलेल्याच शोधून खायचो. आता बाजारात बघा, बोटाएवढ्या येतात.” मग स्वयंपाकघराकडे वळून सासूबाईंना म्हणाले, “गो, पाणी जास्त घाल. जावयानं आणलंय, सगळ्यांना पुरलं पायजे.”

इतकं पातळ कालवण मी जन्मात खाल्लं नव्हतं. दोनदा वाढून घेतलं.

ठाण्यात परतल्यावर परवा बाजारात चिंबोरी उलटी करून पाहिली. “भरलेली आहे, घेऊन टाका,” मासेवाल्या मावशी म्हणाल्या. मी बोंबील घेतले आणि हा पराक्रम लगेच सासऱ्यांना फोनवर कळवला.

“बरं केलंत,” ते म्हणाले. मग विचारलं, “बोंबील तरी ताजे होते का?”