पूर्वमुखी बोट

आमचा माणिकपूरचा फ्लॅट दक्षिणमुखी आहे आणि तो मी पसंत केलेला आहे. माझ्या संसाराबद्दल याहून जास्त काही सांगायची खरं तर गरज नाही.

फ्लॅट घेतला तेव्हा दाराला दिशा असते हे मला ठाऊकच नव्हतं. दार उघडतं आणि मिटतं, एवढं बघून मी सही ठोकली. पुढं दोनेक वर्षांत वास्तुशास्त्राची साथ आली (साथच ती! आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला लागली आणि महिन्याभरात चौथ्या मजल्यापर्यंत चढली) आणि आमच्या घरातल्या सगळ्या दुःखांचा उगम सापडला. मिक्सर जळला, दार दक्षिणेला. माझं प्रमोशन हुकलं, दार दक्षिणेला. दूध नासलं तरी आई आधी दाराकडं बघायची आणि मग माझ्याकडं. हळूहळू घरातले पसंतीचे सगळे अधिकार माझ्याकडून काढून घेण्यात आले. मी वांगी आणली तर आई ती एकेक करून उलटीपालटी करून बघे.

अशात बोटीचं निघालं. माझा मेहुणा हेमंत नंदाखालला केळीची बाग करतो, पण जीव सगळा खाडीत. त्याला बातमी लागली की नायगावच्या पास्कोलकडं केबिनच्या दोन जुन्या बोटी आहेत. कुठल्याशा रिसॉर्टनं एकाच वेळी बांधून घेतलेल्या. रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा पास्कोलनं दोन्ही उचलल्या होत्या आणि आता त्यातली एक त्याला काढायची होती. कुठली ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. हेमंतचं म्हणणं, अर्धी त्याची, अर्धी आमची. माझी बायको सुनंदा वाडीत, मोकळ्या हवेत वाढलेली, लग्नानंतर दोन खोल्यांत येऊन पडलेली. दर रविवारी पाण्यावर जायचं म्हटल्यावर तिचा चेहरा असा काही खुलला की मी लगेच हो म्हणून टाकलं. मला पोहता येत नाही हे नंतर आठवलं.

मग हेमंत मानानं म्हणाला, “भावोजी, दोन्हींतली कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा.”

माझी छाती फुगली. कित्येक वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी ठरवायला सांगत होतं! ही बोट नीट निवडली तर घरातली माझी गेलेली पत परत येणार होती. चुकली, तर पुढं कोथिंबीरसुद्धा माझ्या हाती लागणार नव्हती. म्हणून मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा सल्ला घेतला. त्याचा वास्तूवर फार अभ्यास होता (म्हणजे त्यानं एक पुस्तक वाचलं होतं). मी विचारलं, बोट तर फिरणार, मग तिची दिशा कशी धरायची? तो म्हणाला, चालताना नाही धरायची. उभी असताना दार कुठं आहे ते बघायचं. मला हे एकदम पटलं. शाळेतल्या प्रदर्शनासाठी मुलीनं आणलेलं होकायंत्र मी खिशात टाकलं.

पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सगळे नायगावच्या धक्क्यावर. मी, सुनंदा, मुलगी, आई आणि हेमंत. एक बोट खाडीत नांगरावर उभी होती. दुसरी रंगकामासाठी काठावर ओढून ठेवलेली. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना निळा पट्टा, केबिनचं दार दोन्हींना मागच्या बाजूला. फरक म्हणाल तर काठावरचीला आत खिडकीशी एक रुंद बाक होता. सुनंदा तिथं जाऊन बसली, मग आईलाही बसवलं, आणि दोघी जणी काही न बोलता बाहेर बघत राहिल्या. सासू-सुनेचं एखाद्या बाकावर एकमत होणं ही साधी गोष्ट नव्हे. हेमंतनंही तिचं इंजिन सुरू करून बघितलं, कान देऊन ऐकलं आणि पसंत असल्याची मान हलवली.

मी होकायंत्र काढलं. काठावरचीचं दार थेट दक्षिणेला! पाण्यातलीचं बघितलं, तर पूर्वेला. अगदी काट्यावर काटा.

“काठावरची बाद,” मी जाहीर केलं. सुनंदा म्हणाली, अहो, पण बाक बघा ना. मी म्हटलं, बाकाचं काय घेऊन बसलीस, एक दक्षिण दार कमी पडलं का? पाण्यातलीचं इंजिन जरा खोकतंय असं हेमंत पुटपुटला, पण आई माझ्या बाजूनं उभी राहिली. एवढ्या वर्षांत प्रथमच. “पोराला अक्कल आली,” असं ती चारचौघांत म्हणाली, आणि मी त्याच तंद्रीत पास्कोलच्या हातावर बयाणा ठेवला. परतताना सुनंदा रिक्षात गप्प होती. तेवढं सोडलं तर दिवस फार छान गेला.

पुढच्या रविवारी त्याच वेळेला नारळ, फुलं, पेढे आणि दुपारचा डबा घेऊन आम्ही बोट ताब्यात घ्यायला गेलो. रंग झाल्यामुळं दुसरी बोटही पाण्यात उतरली होती. दोघी शेजारी शेजारी नांगरावर उभ्या. मी नारळ हातात धरून आमच्या बोटीकडं बघितलं. दार पश्चिमेला होतं!

होकायंत्र काढलं. पश्चिम. हलवलं, ठोकलं, आईच्या स्टीलच्या डब्यापासून लांब नेलं. पश्चिम. मी पास्कोलवर उखडलो. आमची बोट बदललीस, असा सरळ आरोप केला. तो बिचारा म्हणाला, नाय बदलली, ती बघा तुमचीच, दाराची कडी मोडलेली. मी म्हटलं, मग दार असं का? त्यानं खांदे उडवले. दाराची दिशा विचारणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसावं.

“मग ती वळवून उभी कर,” मी हुकूम सोडला.

“तुमी बोलाल तशी करू. पन पानी ऐकाया पायजे,” पास्कोल म्हणाला, आणि हेमंतला घेऊन होडीतून गेला. दोघांनी बांबूनं रेटून बोट वळवली. दार पूर्वेला आलं. मी नारळ उचलला. त्यांनी बांबू काढला, आणि बोट शांतपणे पुन्हा पश्चिमेला येऊन उभी राहिली. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. धक्क्यावर माणसं जमू लागली. कुणी म्हणालं, उलटी बांधा, कुणी म्हणालं, दारच काढून पुढं लावा. एका गृहस्थांनी तर मला विचारलं की सिनेमाचं शूटिंग आहे का.

होडीत हेमंतचा शर्ट घामानं भिजला होता. शेवटी सुनंदा म्हणाली, आधी जेवून घ्या, मग काय ती दिशा बघा. आम्ही धक्क्यावर सावलीत बसलो. आईनं भाकरी वाढली, पण माझ्याकडं न बघता. मी समजलो. कोथिंबीर गेली.

जेवण उरकत आलं तेव्हा खाडीचं पाणी थबकल्यासारखं झालं. मग आई घास हातात धरून म्हणाली, “दिन्या, ती वळतीय बघ.”

खरोखरच वळत होती. कुणी हात लावला नव्हता. ओहोटी संपून भरती लागली होती, गेल्या रविवारी सकाळी होती तशीच, आणि आमची बोट हळूहळू फिरत दार पूर्वेला आणत होती. आईचे हात जोडले गेले. पण तिच्या शेजारची दुसरी बोट, मी दक्षिणमुखी म्हणून बाद केलेली, तीही तितकीच वळत होती! दोघी एकदमच पूर्वेला दार करून उभ्या राहिल्या. होकायंत्र माझ्या हातातच होतं. ते बघायची मला हिंमत झाली नाही.

हेमंत पाठ फिरवून खोकत होता. ते हसणं होतं हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

“नांगरावरची बोट पाण्यासोबत फिरते, हे तुला माहीत होतं ना?” मी त्याला विचारलं.

“माहीत होतं हो, भावोजी. पण तुम्ही दिशा नांगरावरची बघताय हे मला आज कळलं. मला वाटलं, त्या वास्तूत आणखी काहीतरी खोल असेल.”

सुनंदानं डबा बंद केला, हात पुसले आणि अगदी शांतपणे विचारलं, “दोघींची दारं आता पूर्वेला आहेत. मग बाकाची घेऊ या का?”

बाकाचीच घेतली. पास्कोलला काहीच फरक पडत नव्हता. त्यानं बयाणा या बोटीवरून त्या बोटीवर फिरवला आणि दोन पेढे खाल्ले. तेव्हापासून आमचे रविवार खाडीत जातात. सुनंदा सुकाणूपाशी, हेमंत इंजिनपाशी, मुलगी पुढं पाय सोडून, आई बाकावर लवंडून डुलक्या काढत. मी दोन लाइफ जॅकेटं घालून मधोमध बसतो. आई निघताना दारापाशी हळदकुंकू वाहते आणि दिशा कुठली ते विचारत नाही. मला फार सुखाचं वाटतं ते, खोटं कशाला बोला.

माझ्या पसंतीची बोट पुढं एका डॉक्टरांनी घेतली. तिचं इंजिन एक रविवार आड बंद पडतं आणि आम्ही तिला दोर लावून धक्क्यावर ओढून आणतो. डॉक्टर दरवेळी आभार मानतात, सुनंदा दरवेळी माझ्याकडं बघते. चुकीच्या दिशेची घ्यायची म्हटली तरी घेता येणार नाही अशी एकच वस्तू जन्मात माझ्या वाट्याला आली होती, आणि तीसुद्धा मी चुकीची निवडून दाखवली.